बंदीच्या पट्ट्यातली रेघ: नवख्यांसाठी एक अनुभव

रेडिओ दुर्बिणींना आकाशातले क्षीण संकेत टिपता यावेत, म्हणून 1400 ते 1427 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात कोणीही प्रक्षेपण करू नये, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा नियम आहे. हायड्रोजनची रेषा, म्हणजे आकाशातल्या हायड्रोजन वायूकडून येणारा 1420.4 मेगाहर्ट्झचा संकेत, त्यातच येते, हे आपणांस ठाऊक असेलच. या नियमावर माझा इतका विश्वास होता की, तिथे माझ्या आलेखात दिसणारी प्रत्येक आगंतुक रेघ म्हणजे कोणाचा तरी अपराध, असे मी सुरुवातीला धरून चालत असे. एका सर्वेक्षणात अशी रेघ दिसताच मी जवळच्या मनोऱ्याच्या चालकांकडे तक्रार धाडली. त्यांचे प्रक्षेपण पूर्णपणे नियमात होते आणि दोष संकेत मोठा करणाऱ्या माझ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये होता.

हे नीट समजून घ्या, कारण इथे बहुतेक जण फसतात. समजा, 1440 आणि 1460 मेगाहर्ट्झवर दोन जोरकस संकेत आहेत. अ‍ॅम्प्लिफायरवर त्यांचा भार जास्त झाला, की तो स्वतःच त्यांचे मिश्रण करतो आणि 1440 ची दुप्पट वजा 1460, म्हणजे नेमक्या 1420 वर, आकाशात नसलेली रेघ उमटते. ती ओळखण्यासाठी अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी संकेत 3 डेसिबलने क्षीण करणारा अ‍ॅटेन्युएटर लावावा. रेघ खरी असेल, तर ती 3 डेसिबलने उतरेल. अशा मिश्रणातून आलेली असेल, तर सुमारे 9 डेसिबलने उतरेल. अ‍ॅटेन्युएटर नंतर लावला, तर दोन्ही सारख्याच उतरतात आणि परीक्षा व्यर्थ जाते. मी नेमके तेच केले होते. भार खरोखर जास्त असेल, तर अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी फिल्टर बसवण्याला पर्याय नाही. खराब नोंदी आपोआप वगळणाऱ्या सॉफ्टवेअरवर भिस्त ठेवणारे मार्गदर्शक मला आजही पटत नाहीत, कारण रेघ पुसली म्हणजे तिचे कारण सापडले असे होत नाही.

तरीही खचून जाऊ नये. ही चूक एका दुपारीत सुधारते. खरी अडचण नियमांच्या तोकडेपणाची आहे. दूरच्या दीर्घिकांची हीच रेषा विश्वाच्या प्रसरणामुळे खाली सरकते. ताम्रसृती, म्हणजे या सरकण्याचे माप, 1 असेल, तर ती 710 मेगाहर्ट्झच्या आसपास येते, आणि तो भाग भारतात मोबाइल सेवांसाठी दिलेला आहे. तिथे तक्रारीला कायद्याचा आधार नसतो. म्हणून दुर्बिणीसाठी मुळात शांत जागाच निवडावी लागते. नारायणगावजवळच्या खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना असलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभारताना रेडिओ गोंगाट कमी असणे हा जागेच्या निवडीतला एक मोठा निकष होता.

अर्थात शांत जागीही विजेच्या तारा असतातच. सैल जोडातून उडणाऱ्या ठिणग्यांचा खरखराट एका रेघेसारखा दिसत नाही, तो अनेक पट्ट्यांवर एकदम पसरतो. त्याचा उगम शोधताना हाती धरायची अँटेना आणि गावचा वायरमन या दोघांचा मला कोणत्याही पत्रव्यवहारापेक्षा अधिक उपयोग झाला.