वाळूत फोर बाय फोर घालताय? या चुका टाळा

मुंबईत जुहू, गिरगाव, अक्सा या चौपाट्यांवर गाडी घालायला परवानगी नाही, हे आधीच सांगतो. तरीही रुतलेल्या गाडीची बातमी अधूनमधून येतेच. हौस फेडायचीच असेल तर रीतसर परवानगी काढलेल्या ट्रेलवर जा आणि एकटी गाडी नेऊ नका.

वाळूतली सगळ्यात मोठी चूक घरून निघतानाच होते, ती म्हणजे टायरमध्ये भरलेली हवा. मी पहिल्यांदा निघालो तेव्हा पंपावर मुद्दाम ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून घेतली होती, लांबचा प्रवास म्हणून! डांबरावर ३०-३२ पीएसआय ठीक, पण वाळूत ती १५ ते १८ वर आणावी लागते. हवा सोडली की टायर जमिनीवर लांबट पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि चाक वाळू कापत खाली जात नाही. फार कमीही नको, वळणावर टायर रिमवरून निसटतो. परतताना भरायला छोटा कंप्रेसर हवाच, कमी हवेवर डांबरावर पळवलं की टायर तापतो.

दुसरी चूक, रुतल्यावर फोर बाय फोर टाकणं, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना जोडणं. ते वाळूत शिरण्याआधी टाकायचं. थारसारख्या गाडीत डांबरावर आलात की काढायचंही, कारण वळताना पुढची-मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत आणि ताण गिअरवर येतो.

भरतीचं गणित आपल्याकडच्या कोळ्यांना तोंडपाठ: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठची पाऊणपट सहा. म्हणजे त्या दिवशी सूर्यास्ताचा फोटो काढायला पाण्याजवळ गाडी लावलीत, तर समुद्र ऐन भरतीत असतो. पौर्णिमा-अमावास्येला संध्याकाळी ओहोटी असते खरी, पण ते उधाण. पाणी जितकं लांब जातं तितकंच परत येतं, सहा तासांत. भरतीच्या रेषेखालची ओली, दबलेली वाळू चालवायला बरी. अगदी लाटेच्या काठाची मात्र पाय रुतवणारी. शंका असेल तर उतरून चालून बघा.

आणि रुतलीच तर? ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा. चाक गरगर फिरलं की ते स्वतःसाठी खड्डा खणतं, गाडीचं पोट वाळूवर टेकतं आणि मग चाकांवर भारच उरत नाही. चारही चाकांपुढची-मागची वाळू फावड्याने काढा, पोटाखालचीही. हवा आणखी दोन-तीन पीएसआय सोडा, ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरलं की इंजिनाची ताकद आपोआप कमी करणारी यंत्रणा) बंद करा आणि आलात त्याच चाकोरीतून हळू मागे या. दोरीने ओढायची वेळ आली तर ती चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, हुकलाच बांधा आणि बघ्यांना लांब उभं करा. ताणलेली दोरी सुटली की माणूस मारते.

थांबताना ब्रेक दाबू नका, चाकांपुढे वाळूचा बांध तयार होतो. गाडी आपोआप थांबू द्या, तीही उताराकडे तोंड करून. घरी आल्यावर गोड्या पाण्याने खालून धुवा. सोसायटीत वॉचमनची कुरकुर ऐकावी लागेल, पण उद्यावर ढकलू नका. मीठ चेसिसला लगेच लागतं.