हेडलाइटचा बल्ब बदलताना केल्विन किती घ्यावं?

खोक्यावरचा केल्विनचा आकडा म्हणजे प्रकाशाचा रंग. उजेड किती पडेल ते लुमेनवरून कळतं, त्यामुळे ‘८००० केल्विन म्हणजे जास्त पॉवर’ या भ्रमात राहू नका. साध्या हॅलोजनचा पिवळसर प्रकाश साधारण ३२०० केल्विनचा, तर कंपनीतून बसवून येणाऱ्या झेनॉन वायूच्या पांढऱ्या दिव्यांचा ४३०० च्या आसपास. रोजच्या वापराला ४३०० ते ५००० उत्तम. फार तर ६०००. त्यापुढे प्रकाश निळा होत जातो. दिसायला झकास, पण ओल्या डांबरावर रस्ता नीट दिसत नाही आणि समोरच्याच्या डोळ्यांवर तिरीप येते. फॉग लॅम्पना मात्र ३००० चा पिवळा लावायला हरकत नाही. आणि हो, दोन्ही बाजूंचे बल्ब एकदमच बदला, नाहीतर एक डोळा पिवळा, एक पांढरा!