कर्णबधिर बायकांसोबत हस्तकलेचं काम सुरू करताय? आधी मोबाईल नंबर बघा

इंदूरमध्ये आम्ही काही जणी कापडी पिशव्या, पोटल्या आणि तोरणं करतो. मी ऐकणारी, बाकीच्या कर्णबधिर. वहिनीमुळे मी यात आले आणि अजूनही दर महिन्याला कुठे ना कुठे अडकतेच, त्यामुळे सगळं जमलेल्या माणसाचा सल्ला म्हणून हे वाचू नका. शिवणकाम, कच्चा माल यावर बोलत नाही, ते तुम्हाला येत असणारच. माहेश्वरी आणि बाग प्रिंटचे उरलेले तुकडे सीतलामाता बाजारात विचारत फिरलं की मिळतात, एवढं पुरे.

खरी गोची मोबाईल नंबरची आहे. घरोघरी हेच, "तिला कुठे फोन ऐकू येतो, माझा नंबर टाका." मग आधारला नवऱ्याचा नंबर, बँकेत भावाचा, आणि हळूहळू तिचा सगळा धंदा दुसऱ्याच्या खिशातल्या फोनवर चालतो. आमच्याकडे दादाचा नंबर होता. दादा सज्जन माणूस, बायकोच्या पैशाला हात लावणार नाही, तरी काय झालं बघा. उद्यम रजिस्ट्रेशनला, म्हणजे छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदणीला बसलो तर ओटीपी दादाच्या फोनवर, दादा पीथमपूरला शिफ्टमध्ये, फोन लॉकरमध्ये. तेही चाललं असतं. पण क्यूआर कोड पण दादाच्याच खात्याचा, विक्रीचे पैसे तिकडेच, त्यातच त्याचा पगार आणि घराचा हप्ता. राखीचा सीझन मस्त गेला, मग मशीनसाठी कर्ज मागायला गेलो आणि बँकेने स्टेटमेंट मागितलं, तर वहिनीच्या खात्यात काहीच नाही! शिवलं तिने, विकलं तिने, आणि कागदावर तिचा धंदाच नाही. मला आजही त्या दिवसाचा राग येतो.

म्हणून पहिली पिशवी शिवायच्या आधी हे करा. तिच्या नावाचं सिम, तिच्याच फोनमध्ये. मग आधार केंद्रावर जाऊन तो नंबर आधारला जोडा, मग बँकेत, मग यूपीआय, आणि मग उद्यम. हा क्रम बदलू नका, कारण पुढच्या पायऱ्यांचा ओटीपी आधी जोडलेल्या नंबरवर येतो. उद्यम सरकारी साइटवर फुकट होतं, आधार आणि पॅन पुरतं. एजंटला पैसे देऊ नका, मला हे शॉर्टकटवाले अजिबात आवडत नाहीत, कारण ते घाईत स्वतःचाच नंबर टाकून मोकळे होतात.

बँकेत कुणी "गार्डियन आणा" म्हणालं तर घाबरू नका. सज्ञान कर्णबधिर बाईला गार्डियन लागत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 13 मध्ये इतरांच्या बरोबरीने स्वतःचे आर्थिक व्यवहार सांभाळायचा आणि बँकेचं कर्ज घेण्याचा हक्क स्पष्ट दिलाय. त्याची प्रिंट काढून सोबत ठेवा आणि बोलणं लिहून करायला सांगा. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्रही लवकर काढा, दिव्यांग वित्त महामंडळाच्या कर्जाला 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं.

शिकवताना एक लक्षात ठेवा, डोळे एका वेळी एकाच ठिकाणी असतात. हात सुईवर असताना तुम्ही खुणा करत बसलात तर तिचं दोन्ही जातं. आधी करून दाखवा, थांबा, मग सांगा, आणि खिडकीला पाठ करून उभ्या राहू नका, तोंडावर अंधार येतो. ऑर्डर लांबलचक मेसेजमध्ये पाठवू नका, बऱ्याच जणींना वाचणं जड जातं. फोटो, त्यात शेजारी मापाची टेप, आणि खुणांचा छोटा व्हिडिओ पाठवा. खुणा येत नसतील तर आयएसएलआरटीसी या भारतीय सांकेतिक भाषेच्या सरकारी संस्थेचा खुणांचा शब्दकोश आहे, 2021 मध्येच त्यात 10,000 शब्द झाले होते. पण खरं शिकाल ते त्यांच्यासोबत बसूनच. सुरुवातीला हात अडखळतात, त्या हसतात, आणि मग सुधारून देतात. होतं हळूहळू, खरंच होतं.

रविवारी येऊन भाषण देणारे मेंटॉर मला नकोत. त्यापेक्षा "ही चेन महिन्यात तुटेल" असं तोंडावर सांगणारा दुकानदार बरा. "बधिर महिलांनी बनवलेलं" असं मोठ्या अक्षरात लिहून माल विकू नका, लोक दया येऊन एकदा घेतात, दुसऱ्यांदा चेन आणि अस्तर बघूनच घेतात. किंमत लावताना शिवणाऱ्या बाईची मजुरी आधी धरा, बाकी सगळं नंतर.

गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये स्टॉल लावणार असाल तर पैसे आल्याचं बोलून सांगणारा साउंडबॉक्स त्यांच्या काहीच कामाचा नाही. गिऱ्हाईकाने दाखवलेला स्क्रीनशॉट पण धरू नका. फोन व्हायब्रेशनवर, कमरेच्या पाऊचमध्ये, आणि आपल्या ॲपमध्ये रक्कम दिसली की मगच पिशवी हातात. कुरिअरच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा, फोन करू नका, मेसेज करा.