कॉलेजच्या ग्रुप प्रोजेक्टवरच प्रोजेक्ट मॅनेजमेंट कसं शिकायचं

प्रोजेक्ट मॅनेजमेंट शिकायचंय म्हणून लगेच कोर्स शोधत बसू नका. या सेमिस्टरला जो ग्रुप प्रोजेक्ट मिळालाय तोच हाताशी घ्या, त्यात सगळं आहे, न हलणारी तारीख, चार-पाच माणसं आणि नक्की काय करायचंय याबद्दल प्रत्येकाच्या डोक्यात काहीतरी वेगळंच.

सगळ्यात आधी एका पानावर स्कोप लिहा. काय देणार, कधी देणार, आणि मुख्य म्हणजे काय करणार नाही. समजा सर्व्हेचा प्रोजेक्ट आहे, तर 'फक्त ऑनलाइन फॉर्म, मुलाखती नाहीत' हे एक वाक्य पुढची बरीच भांडणं वाचवतं. ते पान गाईडना मेल करा आणि होकार लेखी घ्या, तोंडी होकार महिन्याभराने कुणालाच आठवत नाही.

मग कामाचे तुकडे पाडा. 'सर्व्हे करणे' असं लिहिलंत तर त्याला हात कुठून घालायचा तेच कळत नाही. प्रश्नांचा मसुदा, दहा जणांवर चाचणी, गाईडची मंजुरी, फॉर्म पाठवणं, डेटा साफ करणं, असं एकेक काम एका माणसाला एक ते तीन दिवसांत संपवता येईल इतकं बारीक करा (मंजुरी येणं किंवा उत्तरं गोळा होणं यात वाट बघण्याचा वेळ जातो, तो वेगळा धरा). प्रत्येकापुढे एकच नाव लिहा, मदत कुणीही करेल पण विचारायचं कुणाला हे ठरलेलं हवं. 'सगळे मिळून करू' म्हटलेलं काम शेवटच्या रात्रीपर्यंत तसंच पडून राहतं.

आता अंदाज, आणि माझ्या मते खरं शिकण्यासारखं इथेच आहे. काम किती वेळ घेईल याचा अंदाज माणूस बहुतेक वेळा कमीच धरतो, मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये याला प्लॅनिंग फॅलसी असं नाव दिलं. १९९४ च्या एका अभ्यासात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पूर्ण होईल असं विचारलं, त्यांचा सरासरी अंदाज होता ३३.९ दिवस आणि प्रत्यक्षात लागले ५५.५. सगळंच बिघडलं तर किती लागतील हेही विचारलं होतं, त्याचं उत्तर ४८.६ दिवस, म्हणजे वाईटात वाईट अंदाजही कमीच पडला!

म्हणून एकच आकडा धरू नका, तीन धरा. सगळं सुरळीत झालं तर किती, साधारणपणे किती, आणि अडलं तर किती. मधल्या आकड्याला ४ ने गुणा, बाकीचे दोन मिळवा, ६ ने भागा. समजा ३, ५ आणि १३ दिवस, तर ३ अधिक २० अधिक १३ म्हणजे ३६, भागिले ६, उत्तर ६ दिवस. ही पर्ट नावाची पद्धत आहे, १९५८ च्या सुमारास अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामात तयार झालेली, आणि तुमच्या सर्व्हेलाही तशीच चालते.

पुढे कुठलं काम कुठल्या कामासाठी अडतं ते बघा. प्रश्नावली ४ दिवस, मंजुरी ३, उत्तरं गोळा करणं १०, विश्लेषण ५, रिपोर्ट ४, हे सगळं एकामागोमाग, एकूण २६ दिवस. हाच क्रिटिकल पाथ, म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांची सगळ्यात लांब साखळी. जुन्या संशोधनाचं वाचन ८ दिवसांचं आहे पण ते बाजूला चालू राहू शकतं, ते तीन दिवस लांबलं तरी काही बिघडत नाही, मंजुरी मात्र एक दिवस लांबली की सबमिशनही एक दिवस पुढे जातं. तेव्हा सगळ्यांच्या मागे सारखं लागू नका, या साखळीवर लक्ष ठेवा. स्प्रेडशीटमध्ये वर तारखा लिहून प्रत्येक कामाची आडवी पट्टी काढली की गँट चार्ट तयार, सुरुवातीला महागडं सॉफ्टवेअर अजिबात नको.

काम सुरू झालं की तीन रकान्यांचा बोर्ड पुरतो, करायचंय, चालू आहे, झालं. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं भेटा, काय संपलं, काय अडलंय, पुढे काय एवढंच बोला. आणि 'नव्वद टक्के झालंय' हे उत्तर मान्य करू नका, झालं किंवा नाही झालं, बस.

उशीर होतोय असं दिसलं तर ऐनवेळी नवीन माणसं आणून फारसं भागत नाही, त्यांना समजावण्यातच जुन्यांचा वेळ जातो. फ्रेड ब्रुक्स यांनी सॉफ्टवेअरच्या कामाबद्दल १९७५ मध्येच हे लिहून ठेवलंय. त्यापेक्षा स्कोप कमी करा, आणि गाईडना तारीख जवळ यायच्या आत सांगा, तेव्हा त्यांच्याही हातात काहीतरी असतं.

सबमिशन झाल्यावर लगेच पांगू नका, प्रत्येक कामाचा अंदाज आणि प्रत्यक्ष लागलेले दिवस शेजारी-शेजारी मांडा, पुढच्या प्रोजेक्टला हेच आकडे कामी येतात. एवढं करून गोडी लागली तर पीएमआय (प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट) या संस्थेची सीएपीएम ही सुरुवातीच्या पातळीची परीक्षा बघा, तिला नोकरीचा अनुभव लागत नाही, बारावीच्या पातळीचं शिक्षण आणि प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं २३ तासांचं प्रशिक्षण लागतं.