नाळेवरचा कोरडा डाग कसा गेला

मालवणात आमचं फायबरच्या होड्यांचं छोटं काम आहे. मासेमारी बंदीच्या दिवसांत एक होडी व्हॅक्यूमने भरली: साच्यात काचेच्या धाग्यांचं कोरडं कापड अंथरायचं, वर प्लास्टिकची पिशवी लावून हवा ओढायची, आणि त्या ओढीने रेझीन (नंतर कडक होणारा चिकट द्रव) कापडात भरायचं. साच्यातून काढली आणि पोटात धस्स झालं. नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, वळणावर तळहाताएवढा पांढरा डाग! नखाने खरवडलं तर काचेचे धागे सुटे, कोरडेच.

पहिला संशय पिशवी गळण्याचा. तपासली, गळती नव्हती.

मग उरलेल्या कापडावर पेनाने चौकोन आखले आणि ते साच्यावर कोरडंच अंथरलं. वळणावर चौकोनांच्या शंकरपाळ्या झाल्या होत्या. उभे-आडवे धागे काटकोन सोडून तिरके झाले, की तेवढ्याच जागेत जास्त धागे दाटतात. 30 अंश कललं तर तिथे कापडाचं वजन साधारण 15 टक्क्यांनी वाढतं. फटी बुजतात, रेझीन रेंगाळतं, त्याची वाटही तिरकी होते. शेजारच्या मोकळ्या कापडातून ते पुढे पळतं आणि मधे हवा कोंडते. फ्रेंच अभियंता दार्सीने 1856 मध्ये वाळूतून झिरपणाऱ्या पाण्याचा नियम मांडला, तोच इथे लागू पडतो.

आता नाळेवर अखंड कापड ताणत नाही. दोन तुकडे, एकमेकांवर चार बोटं चढवलेले, आणि प्रत्येक थराचा सांधा वेगळ्या जागी. व्हॅक्यूमची नळीही रेझीन सगळ्यात शेवटी पोचतं तिथे हलवली.

डागाची जागा घासून तिथे हाताने थर दिले. पुढच्या होडीला आतून टॉर्च लावून पाहिलं: नाळ सगळीकडे सारखीच उजळली.