बांधकाम चालू असताना घराची लाकडी जमीन पावसापासून कशी जपावी

नाशिकजवळच्या गिरणारे, त्र्यंबक, इगतपुरी या पट्ट्यात हल्ली लाकडी जमिनीची टुमदार घरं बांधली जातात. कड्यांवर, म्हणजे जमीन पेलणाऱ्या आडव्या लाकडी वाशांवर, प्लाय ठोकतात आणि शेवटी त्यावर फळ्या बसतात. मधला प्लाय पुढे कुणाला दिसत नाही, म्हणून बांधकामात सगळ्यात जास्त हाल त्याचेच होतात. जुन्या नाशकातल्या वाड्यांचा कडीपाट, म्हणजे कड्या आणि त्यांवरच्या फळ्या, इतकी वर्षं टिकला, कारण तो कायम छपराखाली होता. आपला प्लाय छप्पर चढेपर्यंत महिना-दोन महिने उघड्यावर पडून असतो.

माझ्या घराच्या वेळी पहिल्याच सरीला घाबरून मी सगळा प्लाय ताडपत्रीत चारी बाजूंनी घट्ट गुंडाळला. बारा दिवसांनी सोडला तर पांढरी बुरशी आणि कुबट वास. पावसाचा थेंबही आत गेला नव्हता. लाकडातला आणि खालच्या मातीतला ओलावाच प्लॅस्टिकखाली घाम होऊन अडकला होता. तेव्हापासून लाकूड झाकताना त्याला वारा कुठून मिळणार, हे मी आधी पाहते.

१. आधी क्रम ठरवा

जमेल तिथे छप्पर आधी, प्लाय नंतर. निदान पत्रे तरी चढू द्या. आपल्याकडे जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत पाऊस धरून चाला. मार्च-एप्रिलच्या अवकाळीने द्राक्षबागांचं काय होतं हे नाशिककरांना सांगायला नको. तेव्हा उन्हाळा आहे म्हणून प्लाय उघडा टाकून घरी जाऊ नका.

प्लाय घेताना त्यावर आयएस ७१० हा भारतीय मानकाचा शिक्का पाहा. या मरीन प्लायचा गोंद ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासलेला असतो. पण टिकतो तो गोंद. लाकूड पाणी पितंच, कडा फुगतातच. ‘मरीन आहे, काही होत नाही’ असं सुतार म्हणाला, तरी झाकायला लावा.

२. माल उतरल्या दिवशी

कांद्याची चाळ आठवा. जमिनीपासून उचललेली, खालून-बाजूंनी वारा खेळणारी. लाकडाचंही तसंच करा. खाली विटांचे किंवा ओंडक्यांचे टेकू द्या, थप्पी जमिनीपासून निदान अर्धा फूट वर आणि सपाट ठेवा. कड्या आणि फळ्यांच्या दर थरात सारख्या अंतरावर, एकाच रेषेत पट्ट्या घाला. टेकू वरखाली असले तर लाकडाला पीळ पडतो आणि तो पुढे निघत नाही.

३. कडा बंद करा

या कामाला एक दुपार लागते आणि नेमकं हेच सगळे टाळतात. लाकडाच्या टोकाकडून पाणी त्याच्या पाठीपेक्षा कितीतरी वेगाने आत शिरतं. म्हणून प्लायच्या चारही कडांना आणि कड्यांच्या टोकांना ऑइल पेंट किंवा लाकडाच्या प्रायमरचे दोन हात द्या. जागेवर काप घेतला की त्याच दिवशी नव्या कडेलाही लावा, डबा सुताराच्या हाताशीच असू द्या. मेण मात्र नको, पुढे त्यावर गोंद धरत नाही.

प्लायच्या दोन तावांमध्ये (शीटमध्ये) ३ मिमी फट सोडा. मध्ये तेवढ्या जाडीचा खिळा धरला की झालं. फट नसली तर फुगलेले ताव एकमेकांना ढकलून उचलतात.

४. ताडपत्री बांधायची रीत

ताडपत्री सपाट अंथरली की तिच्यावर डबकं होतं आणि वजनाने ती फाटते. मध्ये बांबूचा कणा उभारून दोन्हीकडे उतार द्या. तिच्या कडा लाकडी जमिनीच्या बाहेर दीड फूट जाऊ द्या, पण खाली वीतभर जागा उघडी ठेवा. प्लायमध्ये खिळे ठोकून ती अडकवू नका, दर खिळ्यातून पाणी आत जातं. सुतळीने खांबांना बांधा. आणि उघडीप मिळाली की, तासाभराची का असेना, ताडपत्री वर सारा.

५. पाणी आलंच तर

त्याच दिवशी वायपरने ओढून काढा. भुसा आधी झाडा, तो ओला राहून खालचं लाकूड कुजवतो. एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा साचत असेल, तर कडी टाळून १० मिमीचं भोक पाडा, नंतर बुजवता येतं. सुकवायला पंखा लावा. ओला प्लाय एकदम कडक उन्हात टाकला की वाकतो.

गवंड्याचं पाणी तर पावसाइतकंच वाईट, कारण त्याकडे कुणाचं लक्ष नसतं. क्युरिंग, म्हणजे नव्या सिमेंटकामाला पाणी देत राहणं, किमान ७ दिवस, आणि पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना) सिमेंट असेल तर किमान १० दिवस चालतं. रोज पाइपने भिंती भिजवल्या की सगळं पाणी प्लायवर. त्यापेक्षा भिंतीला ओली पोती टांगा आणि भिंतीच्या पायथ्याशी प्लॅस्टिकची पट्टी चिकटवा. कड्यांची टोकं भिंतीत जात असतील तर भोवती थोडी पोकळी ठेवायला सांगा. ओल्या चुन्या-सिमेंटला चिकटलेलं टोकच पहिलं कुजतं.

६. फळ्या बसवण्याआधी

ओलावा मोजायचं मीटर भाड्याने आणा किंवा विकत घ्या. भिंतीलगत, न्हाणीघराशेजारी, मधोमध अशा दहा-पंधरा जागी मोजा. प्लाय १२ टक्क्यांच्या आसपास यावा. २० टक्क्यांच्या वर तर बुरशीलाच आमंत्रण. फळ्याही मोजा. दोन्हींत ४ टक्क्यांहून जास्त फरक नको, रुंद फळ्या असतील तर २. आकडा जमत नसेल तर मिस्त्रीने कितीही घाई केली तरी थांबा.

फुगलेल्या कडा पूर्ण सुकल्यावरच घासा. स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. तो मऊपणे आत गेला किंवा पापुद्रे सुटले असतील, तर तेवढा तुकडा कडीपासून कडीपर्यंत कापून बदला. उरलेल्या प्लायचे स्क्रू पुन्हा एकदा आवळून घ्या. लाकूड सुकून आकसलेलं असतं आणि सैल स्क्रूची करकर पुढे रोज पायाखाली ऐकावी लागते.