माळ्यावरचा नॉटिलेटर: खाऱ्या हवेत जुना रोबो परत उभा कसा करायचा

आमचे मोठे काका बोटीवर होते, म्हणजे मर्चंट नेव्हीत, आणि सुट्टीवर आले की ट्रंकेतून काय निघेल त्याचा नेम नसायचा. तसाच एकदा हा निघाला. ट्रान्सफॉर्मर्स म्हणजे रूप बदलणारे खेळण्यातले रोबो, त्यांच्यातला नॉटिलेटर, डिसेप्टिकॉन म्हणजे व्हिलन पार्टीचा, आणि त्या पार्टीतही अगदी शेवटच्या बाकावरचा. मध्यंतरी माळा साफ करताना तो परत सापडला, बुरा आलेला, एक सांधा घट्ट बसलेला, दुसरा इतका लूज की हात वर केला की खाली पडतोय. दोन महिने खटपट करून उभा केला. मालवणात राहून हे करताना जे कळलं ते इथे लिहून ठेवतोय, कारण नेटवरचे सगळे व्हिडिओ कोरड्या हवेतल्या लोकांनी केलेत, त्यांना आपला जुलै माहीत नाही.

आधी ओळख, नाहीतर चुकीचे पार्ट शोधत बसाल. ट्रान्सफॉर्मर्स १९८४ ला हॅस्ब्रोने आणले, मूळ खेळणी जपानच्या टाकाराची. १९८८ मध्ये सीकॉन्स नावाची समुद्री टोळी आली, सहा जणांची. स्नॅपट्रॅप कासव आणि लीडर, ओव्हरबाइट शार्क, सीविंग म्हणजे वाघळी, टेंटाकिल माकूल, स्केलर मासा आणि आपला नॉटिलेटर लॉबस्टर. सगळे जोडले की पिरानाकॉन नावाचा मोठा रोबो होतो. गंमत अशी की स्नॅपट्रॅप धड, चौघे हातपाय, आणि उरलेल्याची बंदूक होते, म्हणजे कोणीतरी एक कायम हत्यार बनून मोठ्याच्या हातात. अमेरिकेतलं जुनं कार्टून १९८७ मध्येच संपलेलं, त्यामुळे ही टोळी त्यात दिसलीच नाही, म्हणून बऱ्याच जणांना हे माहीतही नाहीत. आणि नॉटिलेटर तर कॅरेक्टरच असं की समुद्री टोळीत असून पाण्यात धांदरट, वाट चुकणारा. समुद्रकिनाऱ्यावर राहून पोहता न येणारे आपल्याकडे कमी नाहीत, त्यामुळे मला तो पहिल्यापासून आवडतो.

शोधताना दोन्ही नावांनी शोधा. जपानमध्ये याला लॉबक्लॉ म्हणतात आणि मोठ्या रोबोला किंग पोसायडन. २०१९-२० च्या सुमारास टाकारा टोमीने जनरेशन्स सिलेक्ट्स नावाच्या सिरीजमध्ये ही सगळी टोळी नव्याने काढली तेव्हाही हीच जपानी नावं होती. त्यामुळे 'लॉबक्लॉ' असं लिहून विकायला ठेवलेलं दिसलं तर ते नवीन असण्याचा चान्स जास्त, त्याचे पार्ट जुन्याला लागणार नाहीत, फोटो झूम करून बघितल्याशिवाय पैसे पाठवू नका. मी पाठवले होते. एक भलतीच बंदूक आली आणि विकणाऱ्याने नंतर फोनच उचलला नाही.

आईने हा ओट्यावर बघितला आणि म्हणाली, "मेल्या, शेवंडीक डेंगे कधीपासून इले?" आणि बरोबरच आहे तिचं. आपल्याकडे जाळ्यात मिळते ती काटेरी शेवंड, तिला मोठे डेंगे नसतातच, तिचं सगळं शस्त्र म्हणजे त्या लांब काटेरी मिश्या. नॉटिलेटर हा अमेरिकेतल्या डेंगेवाल्या लॉबस्टरवरून केलाय. हे मी उगाच सांगत नाहीये, माझ्याकडच्याचा एक डेंगा जरा वाकलेला होता आणि मी तो "शेवंडीसारखा" सरळ करायला गेलो असतो तर मोडला असता. खेळण्याचे जुने फोटो समोर ठेवून काम करा, बाजारातली शेवंड समोर ठेवून नाही.

आता काम. पहिला नियम, पावसात काही उघडायचं नाही. जून ते सप्टेंबर आतलं पाणी सुकतच नाही, मी एकदा उघडला जुलैमध्ये, धुतला, पंख्याखाली दोन दिवस ठेवला, बंद केला आणि पंधरा दिवसांनी आतून परत बुरा. दिवाळीनंतर ते एप्रिल हा काळ बेस्ट.

उघडण्यासाठी मोबाईल रिपेअरवाल्याकडे असतो तसा बारीक स्टारचा, म्हणजे फुलीच्या टोकाचा, स्क्रू ड्रायव्हर घ्या, आणि साइज अगदी फिट बसेल असाच. सैल टोक घातलं की स्क्रूचं डोकं घासलं जातं आणि मग तो जन्मात निघत नाही. स्क्रू जाम असेल तर जोर करू नका, डोक्यावर गंज उतरवायच्या तेलाचा एक थेंब काडीच्या टोकाने ठेवा, प्लास्टिकवर सांडू न देता, तासभर थांबा, मग आधी थोडा घट्ट करायच्या दिशेने हलवा आणि मग उलटा. आणि उघडताना खाली ताट ठेवा, पितळेचं नाही, पांढरं किंवा प्लास्टिकचं, कारण आत कधी कधी बारीक स्प्रिंग असते आणि ती उडाली की... माझी उडाली ती शेणाने सारवलेल्या पडवीत उडाली, पुढचं विचारू नका. प्रत्येक स्टेपला मोबाईलवर फोटो काढा, आपल्याला वाटतं लक्षात राहील, नाही राहत.

धुणं सोपं आहे. कोमट पाणी, भांडी घासायचा लिक्विड सोप, मऊ टूथब्रश. गरम पाणी नको. स्टिकर असलेला भाग भिजवायचा नाही, फक्त ओल्या फडक्याने पुसायचा. त्या काळच्या अनेक ट्रान्सफॉर्मर्सवर एक छोटा काळसर चौकोन असायचा, अंगठा घासून गरम केला की त्यात चिन्ह उमटायचं, हिरो की व्हिलन ते कळायला. तो चौकोन असेल तर साबणापासूनही लांब ठेवा. आमच्याकडे मे महिन्यात तो न घासताच उमटतो म्हणा. बुरा गेला नाही तर मेडिकलमधल्या स्पिरिटने पुसा, पण आधी आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी ट्राय करून. नेलपेंट रिमूव्हर मात्र चुकूनही नाही. त्यातलं अ‍ॅसिटोन हे प्लास्टिक विरघळवतं, पुसल्यावर पृष्ठभाग चिकट आणि पांढरट होतो, तो परत होत नाही.

गंज हा आपला खरा शत्रू. सांध्यातून आरपार लोखंडी पिन असते, खाऱ्या हवेतलं मीठ तिच्यावर बसतं, मीठ दमटपणा ओढून घेतं, गंज धरतो, आणि गंजलेलं लोखंड फुगतं. फुगलं की भोवतीच्या प्लास्टिकला तडा जातो. लोकांना वाटतं सांधा जुना झाला म्हणून मोडला, पण पुष्कळदा मोडतो तो पिनेमुळे. म्हणून जाम झालेला सांधा कधी पिळायचा नाही. हेअर ड्रायरने लांबून अर्धा मिनिट हलकी ऊब द्या, मग दोन बोटांनी अगदी हळू मागेपुढे. हलला तर ठीक. नाही हलला तर पिन काढावी लागते. आणि पिन काढताना तिची दोन्ही टोकं भिंगातून बघा, एका टोकाला बारीक उभ्या रेघा असतात आणि दुसरं गुळगुळीत. गुळगुळीत टोकाकडून ठोकायचं, म्हणजे रेघांचं टोक आधी बाहेर येतं. उलटं ठोकलंत तर त्या रेघा अख्ख्या भोकातून घासत जाणार आणि सांधा कायमचा लूज. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर माझ्या नॉटिलेटरचा डावा पाय आज लंगडा नसता.

काढलेले स्क्रू आणि पिना लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये तास-दोन तास ठेवल्या की गंज सुटतो, नंतर साध्या पाण्याने धुऊन लगेच पुसून हेअर ड्रायरने कोरड्या करा, नाहीतर संध्याकाळपर्यंत परत लाल. आमच्याकडे सल्ला आला होता की आमसुलं लावून पितळेची भांडी लखलखतात तर हेही आगळात टाक. स्क्रू टाका हवं तर. रोबो नको, प्लास्टिकला तो लाल रंग बसला तर तुमचा व्हिलन कायमचा सोलकढी प्यायलेला दिसेल. आणि खोबरेल तेल! प्रत्येक घरात एक माणूस असतो जो कडी, कुलूप, सायकल, गुडघा, सगळ्याला खोबरेल लावतो. सांध्यात खोबरेल गेलं की थंडीत थिजतं, मग धूळ धरतं, वर्षभरात चिकट काळा चिखल होतो, आणि मुंग्या येतात त्या वेगळ्या. त्याऐवजी सिलिकॉन ग्रीस, टाचणीच्या डोक्याएवढं, पिनेला फिरवून.

लूज सांध्याचं उलट आहे, तिथे जाडी वाढवायची असते. ट्रान्सपरंट नेलपेंटचा अगदी पातळ हात सांध्याच्या आतल्या गोळ्याला किंवा खुंटीला द्या, रात्रभर सुकू द्या, मग जोडा. थोडा लूज वाटला तर दुसरा हात. एकदम जाड थर देऊ नका, कारण नेलपेंटमध्येही प्लास्टिकला खाणारं द्रव्य असतं, पातळ असेल तर ते उडून जातं, जाड असेल तर आत बसतं. इन्स्टंट ग्लूवाले पण आहेत, ते थेंब टाकून सुकेपर्यंत सांधा हलवत राहतात. मी करत नाही. एक फोन आला आणि हलवायचं राहिलं की खलास.

पिवळेपणा हा या टोळीच्या बाबतीत थोडा कटकटीचा भाग, कारण रंग हिरवट-निळे, जांभळट, राखाडी असे मिक्स. पांढरा आणि राखाडी भाग पिवळा पडलेला पटकन दिसतो. यावर इलाज म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन. मेडिकलमधलं ६ टक्क्यांचं चालतं, पार्लरमध्ये वापरतात ते क्रीम १२ टक्क्यांपर्यंत असतं आणि ते हाताला लागलं तर कातडी पांढरी पडून झोंबतं, तेव्हा हातमोजे घालाच. स्टिकर आणि धातू काढून फक्त प्लास्टिकचा भाग काचेच्या बरणीत पेरॉक्साइडमध्ये बुडवायचा, झाकण अर्धवट, गॅस सुटतो, आणि सकाळच्या उन्हात ठेवायचा. दुपारचं एप्रिलचं ऊन नको, पाणी तापतं आणि प्लास्टिक वाकतं. दर तासाला फिरवा नाहीतर ढगाळ डाग येतात. जांभळ्या भागाला मी हा प्रयोग केला नाही आणि करणारही नाही, रंगीत प्लास्टिक फिकट झालं की ते परत आणता येत नाही. थोडा पिवळा राहिला तर राहू दे, पस्तीस वर्षांहून जुना आहे तो.

एक वॉर्निंग. तुमच्याकडे त्याच काळातला सोनेरी, चमक मिसळलेल्या प्लास्टिकचा कुठला रोबो असेल तर वरचं काहीच करू नका. त्या प्रकारचं प्लास्टिक वयाबरोबर बिस्किटासारखं ठिसूळ होतं, नुसतं पिळलं तरी चुरा. तो फक्त बघायचा.

हरवलेली हत्यारं हा प्रत्येकाचा प्रॉब्लेम, बंदूक आधी हरवते. साधा तुकडा असेल तर एम-सील मळून, पावडर लावलेल्या बोटांनी आकार देऊन, सुकल्यावर पॉलिश पेपर मारून होतो. पण मित्राकडे मूळ बंदूक असेल तर तिचा सिलिकॉनचा साचा काढा आणि मग सरळ बंदरावर जा. फायबरच्या होड्या दुरुस्त करणारा कोणीतरी असतोच, त्याच्याकडे रेझिन असतं, अर्धी वाटी तो असाच देतो, वर विचारतो कसली होडी म्हणून. हार्डनर १ ते २ टक्के, जास्त घातलं तर गरम होऊन तडकतं. मोकळ्या हवेत करा, वास डोक्यात जातो. आणि ते ओलं रेझिन मूळ खेळण्याला लागता कामा नये, तेही प्लास्टिक खातं.

परत जोडताना स्क्रू थेट घट्ट पिळायचा नाही. आधी उलटा फिरवा, एका जागी टक्कन खाली बसल्यासारखं जाणवतं, तिथे जुने आटे जुळलेले असतात, मग सुलटा करा. नाहीतर नवीन आटे पडतात आणि दोन-तीन वेळात भोक निकामी.

राहिलं ठेवायचं. माळा नको, कौलं कितीही शेकारली तरी एखादी गळतेच, आणि खोक्याला वाळवी लागते. चुलीच्या वर तर नकोच. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, बुटाच्या खोक्यातल्या चालतात. तांदूळ टाकू नका, पीठ सांध्यात जातं आणि टोके होतात. मूळ खोकं असेल तर ते वेगळ्या पिशवीत.

मी वेळापत्रक मासेमारी बंदीचं ठेवलंय, लक्षात राहायला सोपं. १ जूनला बंदी लागली की नॉटिलेटर डब्यात, जेलच्या पुड्या नवीन. ३१ जुलैला बंदी उठते तेव्हा उघडायचा मोह होतो, पण हवा तेव्हाही ओलीच असते, त्यामुळे नारळी पौर्णिमेला फक्त झाकण उघडून बघतो, पुड्या बदलतो, बंद. बाहेर काढतो तो दसऱ्याला, शस्त्रपूजेत. पाटावर कोयता, गरी, स्क्रू ड्रायव्हर आणि त्यांच्या बाजूला हा, एक पाय लंगडा, दोन्ही डेंगे वर. आई अजून म्हणते हळद त्याच्या डेंग्यांना लावू की मिश्यांना.